भोंग्याचा शुद्ध स्वर

सिम्फनी ऑर्केस्ट्रा हे मुळात फार सोवळ्यातलं प्रकरण. काळे डगले, ताठ माना, आणि चुकीच्या जागी टाळी वाजवणाऱ्याकडे वळणारे जळजळीत डोळे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अमेरिकेतल्या या मंडळींना एकाएकी रस्त्यावर उतरावंसं वाटलं, याचं मला भारी कौतुक आहे. युरोपच्या ओंजळीनं किती दिवस पाणी प्यायचं? आपलं असं काहीतरी हवं. आणि आपलं म्हणजे काय, तर जॅझ, यंत्रं आणि रहदारी.

१२ फेब्रुवारी १९२४ ला न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमन या बँडवाल्यानं ‘आधुनिक संगीतातला एक प्रयोग’ अशा भारदस्त नावाची मैफल ठेवली. तिच्यासाठी आपण जॅझ कॉन्चेर्टो लिहीत आहोत, हे जॉर्ज गर्शविनला वर्तमानपत्रातून कळलं! हाताशी जेमतेम पाच आठवडे. ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ त्या धांदलीतून निघाली. वाद्यमेळ फर्डे ग्रोफेनं बांधून दिला. पियानोचा काही भाग कागदावर आलाच नाही; गर्शविननं मान हलवली की बाकीच्यांनी सुरू व्हायचं, असा सगळा मामला. सुरुवातीला क्लॅरिनेटला सतरा स्वरांची चढती ओळ होती. तालमीत रॉस गॉर्मननं थट्टा म्हणून ते स्वर एकात एक ओढून लांबलचक मींड घेतली. मांजर जिन्यावरून वर खेचत न्यावं तशी. गर्शविन म्हणाला, हेच ठेव. त्या थट्टेला आता शंभर वर्षं झाली, आणि क्लॅरिनेटची पोरं घाम गाळून ती घोटतात.

उलट जॉर्ज अँथाइलनं खोडी अगदी बेत आखून काढली. १० एप्रिल १९२७ ला कार्नेगी हॉलमध्ये त्याचं ‘बॅले मेकॅनिक’ झालं. दहा पियानो, विजेच्या घंटा, आगीच्या बंबाचा भोंगा आणि विमानाचा पंखा. दहांपैकी एका पियानोवर ॲरन कोपलंड बसला होता. पंखा सुरू झाला आणि त्याचा वारा थेट श्रोत्यांच्या अंगावर. लोकांनी कॉलर वर केल्या. एका गृहस्थानं काठीला रुमाल बांधून शरणागतीचं पांढरं निशाण फडकवलं. भोंगा हातानं फिरवायचा होता. तो वेळेवर वाजायलाच तयार नाही, आणि तापल्यावर कार्यक्रम संपला तरी थांबेना. अँथाइलच्या अमेरिकेतल्या नावलौकिकावर त्या वाऱ्यानं बराच काळ धूळ बसवली. वात्रटपणा ठरवून केला की त्यातला जीव जातो, असं माझं आपलं मत.

कोपलंडची तऱ्हा निराळी. त्याची ऑर्गन सिम्फनी १९२५ मध्ये वाजवल्यावर संचालक वॉल्टर डॅमरॉश श्रोत्यांकडे वळून म्हणाले, की तेविसाव्या वर्षी हा मुलगा असं लिहितो, तर पाच वर्षांत खून करायलाही तयार होईल. कोपलंड तेव्हा चोविशीत होता, पण आरोपीच्या वयाचा तपशील कोण बघतो? गंमत अशी की याच डॅमरॉशनी त्याच वर्षी गर्शविनकडून पियानो कॉन्चेर्टो लिहून घेतला. जॅझ दारातून येतोय तर निदान आपल्या हातानं दार उघडावं, असा धोरणी विचार असणार.

या सगळ्या धामधुमीत ज्यांचा हा जॅझ, ते कृष्णवर्णीय कुठे होते? व्हाइटमनच्या मंचावर तर एकही नव्हता. विल्यम ग्रँट स्टिल ब्रॉडवेच्या ‘शफल अलाँग’मध्ये ओबो वाजवत होता, डब्ल्यू. सी. हँडीच्या बँडसाठी चाली बांधून देत होता, आणि वरेझ या कडव्या आधुनिकाकडे धडेही घेत होता. १९३१ मध्ये रॉचेस्टरला त्याची ‘आफ्रो-अमेरिकन सिम्फनी’ झाली. पहिल्या भागाचा पाया ब्लूजचा, तिसऱ्यात चक्क बँजो. हा बँजो पाहुणा म्हणून मिरवत नाही, घरच्यासारखा मांडी घालून बसतो. मला तो सगळ्या पंख्याभोंग्यांहून धीट वाटतो.

तरी भोंग्यांचा विषय संपत नाही. ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’साठी गर्शविननं पॅरिसच्या दुकानांतून टॅक्सीचे खरे भोंगे विकत आणले. १९२८ च्या डिसेंबरात कार्नेगी हॉलमध्ये ते वाजले. संचालक पुन्हा डॅमरॉशच. स्वरलिपीत प्रत्येक भोंग्यासमोर ए, बी, सी, डी अशी अक्षरं वर्तुळात लिहिलेली. वादकांनी ते स्वर समजून कित्येक दशकं इमानानं त्याच सुरांचे भोंगे दाबले. मग मिशिगन विद्यापीठातले अभ्यासक १९२९ चं ध्वनिमुद्रण ऐकून म्हणू लागले, की ही अक्षरं म्हणजे नुसते भोंग्यांचे क्रमांक. स्वर वेगळेच होते. झालं, दोन तट पडले. रहदारीचा गोंगाट हवा म्हणून जी वस्तू उचलून आणली, तिच्याबद्दल आता डगलेवाले गृहस्थ हातात रबरी फुगा धरून, मात्रा मोजत, गंभीरपणे विचारतात की आपला भोंगा बेसूर तर लागत नाही ना.