आधी फलक, मग कायदा

मार्च २०२०. लखनौच्या भर चौकांत उत्तर प्रदेश सरकारने मोठाले फलक उभे केले. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या आंदोलनात नुकसान केल्याचा ज्यांच्यावर आरोप होता, त्यांचे फोटो त्यावर झळकले. फोटोसोबत नाव, वडिलांचं नाव, घरचा पत्ता. नुसता आरोप, कोर्टाने कुणालाही दोषी ठरवलेलं नव्हतं. घरी म्हातारे आईवडील आणि शाळकरी पोरं असलेल्या माणसाचा पत्ता चौकात टांगणं म्हणजे जमावाला वाट दाखवणंच.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रविवार असूनही सुनावणी ठेवली. ९ मार्चला मुख्य न्यायमूर्ती गोविंद माथुर आणि न्या. रमेश सिन्हा यांनी फलक उतरवायला सांगितलं. असा अधिकार देणारा कायदाच नाही आणि हा खासगीपणावर घाला आहे, असं त्यांनी बजावलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात धावलं. तिथे न्या. उदय लळीत आणि न्या. अनिरुद्ध बोस यांनीही तेच विचारलं: कुठल्या कायद्याखाली? प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं, पण स्थगिती मिळाली नाही.

मग सरकारने काय केलं? सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीनंतर तीनच दिवसांत, १५ मार्चला, नुकसानभरपाईच्या वसुलीचा वटहुकूम काढला. त्यात जप्तीबरोबर नाव, पत्ता, फोटो जाहीर करण्याची तरतूदही घातली. चूक पकडली गेली की चुकीलाच कायदा करायचा. लोकशाहीला याहून मोठा धोका मला दिसत नाही.

आरोपींना त्याआधीच पाठवलेल्या वसुलीच्या नोटिसांचंही तेच. नुकसान ठरवण्याचं काम न्यायाधीशाकडे हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलं होतं. उत्तर प्रदेशात ते अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं गेलं. तक्रार सरकारची, निवाडा सरकारचा, जप्तीही सरकारचीच! फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने कान उपटल्यावर २७४ नोटिसा मागे घ्याव्या लागल्या आणि वसूल केलेले पैसे परत करण्याचा आदेश झाला. वटहुकुमातून आलेल्या नव्या कायद्याखाली कारवाईची मुभा मात्र सरकारकडे राहिलीच.

हे तिकडचं, आपल्याला काय, असं म्हणण्याची सोय आता उरलेली नाही; कायदा बाजूला ठेवून कारवाई आपल्याकडेही झाली, तीही बुलडोझरने. आरोपीचं घर पाडणं ही शिक्षा होऊ शकत नाही आणि पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस हवीच, असं अमरावतीच्या न्या. भूषण गवईंनी न्या. विश्वनाथन यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात १३ नोव्हेंबर २०२४ ला बजावलं. चार महिनेच उलटले आणि नागपूरच्या दंगलीनंतर महापालिकेचा बुलडोझर एका आरोपीच्या घरावर चालला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाई रोखली. आयुक्तांनी बिनशर्त माफी मागितली आणि निकालाची माहितीच नव्हती, असं सांगितलं. देशभर गाजलेला निकाल, देणाऱ्यांपैकी एक न्यायमूर्ती विदर्भातले, आणि नागपूरच्या पालिकेला पत्ता नाही! मला हे पटत नाही.

आता प्रत्येक पालिकेच्या अतिक्रमण विभागाने निकालातला एक भाग तरी वाचावा: नियम डावलून घर पाडलं तर ते पुन्हा उभं करण्याचा खर्च जबाबदार अधिकाऱ्याच्या खिशातून जाईल, आणि नुकसानभरपाई वेगळी.