पेठ पक्की, बाकी सोयीनं

कोल्हापुरात माणसाची पेठ कळली की त्याचा फुटबॉल संघ वेगळा विचारावा लागत नाही, असा बाहेरच्यांचा समज आहे. तो साफ चुकीचा. एकट्या मंगळवार पेठेत पाटाकडील तालीम आहे आणि बालगोपाल तालीमही आहे. शिवाजी पेठेत खंडोबा तालीम आहे आणि शिवाजी तरुण मंडळही आहे. वर्षभर एकाच टपरीवर चहा पिणारी, एकमेकांच्या मयतीला खांदा देणारी माणसं हंगाम लागला की समोरासमोर आली तरी रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे बघत पुढं जातात. या सगळ्या भानगडीचा चालताबोलता दप्तरखाना म्हणजे पेठेतले आबा. प्रत्येक तालमीला एक तरी आबा असतातच.

आबांची सत्तरी उलटलेली असते. अंगात उन्हाळ्यातसुद्धा बिनबाह्यांचा स्वेटर, हातात घडी केलेला पेपर, गुडघ्याला कायमचा पट्टा. हा गुडघा कुठल्या सामन्यात गेला हे विचारू नये, कारण ते सांगतात. आबा तरुणपणी हाफला खेळायचे. मध्यरेषेजवळून त्यांनी मारलेला एक गोल पेठेत प्रसिद्ध आहे. तो पाहिलेली माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत आणि तेवढ्याच वेगानं गोलचं अंतर वाढत चाललं आहे. आता बॉल जवळजवळ आपल्याच डी-मधून निघतो.

कुस्तीसाठी काढलेल्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे करावेत, यात कोल्हापूरकराला काही नवल वाटत नाही. लाल मातीत अंग कमवायचं आणि संध्याकाळी गांधी मैदानावर बॉल मारायचा, दोन्ही एकाच घरचे उद्योग. हे गांधी मैदान म्हणजे मूळचं वरुणतीर्थ तळं. शाहू स्टेडियमच्या जागीही पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. आबांच्या मते ते पूर्ण बुजलेलंच नाही. “गोलच्या तोंडाशी अजून पाणी हाय. आपल्या पोरांचं पाय उगाच घसरत न्हाईत.” विरुद्ध संघाची पोरं त्याच गोलसमोर का घसरत नाहीत, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आबांचा आवडता शब्द ‘निष्ठा’. तो ते हंगामाच्या तोंडावर सगळ्यात जास्त वापरतात, कारण तेव्हा केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, खेळाडूंची नोंदणी चालू असते आणि कोण कुठल्या संघाकडून सही करणार याच्या बातम्या कट्ट्याकट्ट्यावर शिजत असतात. आपला खेळाडू दुसऱ्या तालमीत गेला की तो ‘फुटला’. दुसऱ्यांचा आपल्याकडं आला की त्याला ‘शहाणपण आलं’. आफ्रिकेतून एका हंगामापुरता आलेला एखादा स्ट्रायकर आपल्या संघात असेल तर तो तिसऱ्या गोलला पेठेचा नातू होतो. तोच विरुद्ध संघात असेल तर “स्थानिक पोरांवर अन्याय” या विषयावर आबा अर्धा तास बोलू शकतात आणि बोलतातही.

काही हंगामांत एकाच तालमीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन संघ मैदानात असत. आबांनी त्यावरही तोडगा काढला होता: जिंकेल तो आपला.

खरी पंचाईत लग्नानं होते. आबांनी मुलीचं स्थळ बघताना घर बघितलं, नोकरी बघितली, पत्रिका बघितली. तालीम बघायची राहिली. आबा पाटाकडीलचे, व्याही निघाले खंडोबाचे. जावई तर थेट खंडोबाचा गोलकीपर. साखरपुड्यात हे कळलं तेव्हा आबांनी वाटीतली बासुंदी खाली ठेवली होती, असं घरचे सांगतात.

पाटाकडील विरुद्ध खंडोबा. स्टेडियमच्या पायऱ्या गच्च भरलेल्या, गेटावर पोलिसांचा बंदोबस्त, उन्हानं तापलेल्या पायरीवर आबा आणि व्याही शेजारी शेजारी. दोघांच्या मध्ये भाजलेल्या शेंगांची एक पुडी. ती तेवढी दोन्ही पेठांची. सत्तराव्या मिनिटाला पाटाकडीलला पेनल्टी मिळाली. सगळी बाजू उभी राहिली. आबाही उठले आणि अर्ध्यात थांबले. गोल झाला तर जावयाची लाज, नाही झाला तर तालमीची. मुलगी घरी मोबाइल घेऊन बसलेली असणार, हेही डोक्यात होतंच. व्याह्यांनी हळूच विचारलं, “काय पावणं, काय मागणं घातलंसा देवाला?”

“पोस्टाला लागू दे,” आबा म्हणाले.

बॉल गोलमध्ये गेला. आबांनी टाळ्या वाजवल्या, पण हाताच्या पाठीनं. मग व्याह्यांकडं न बघता त्यांच्या हातात शेंगा कोंबल्या आणि म्हणाले, “पोराचा अंदाज बरोबर हुता. उडी बरोबर घेतली त्यानं.” उडी नेमकी उलट्या बाजूला होती.

परगावचा माणूस म्हणेल, एवढं काय त्यात. वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये 16 संघ, बहुतेक एकाच शहरातले, मैदानही एकच. म्हणजे ज्याला शिव्या द्यायच्या तो मावसभाऊ, नाहीतर गल्लीतला डॉक्टर. इथं समर्थकाला पळून जायला जागा नाही. सोमवारी त्याच डॉक्टरकडं गुडघा दाखवायला जावं लागतं.

नातवाचं मात्र आबांना अजिबात पटत नाही. नातू रोनाल्डोचा. रोनाल्डो 2009 मध्ये माद्रिदला गेला तेव्हा नातू पाळण्यात होता, म्हणून ते माफ. पण 2018 मध्ये तो युव्हेंटसला गेला तसा नातू इटलीला गेला, 2021 मध्ये त्याच्याबरोबर मँचेस्टरला परतला आणि पुढं सौदी अरेबियात अल नासरचा झाला. “ह्यो समर्थक न्हवं, हमाल हाय,” आबांचा निकाल. “त्यो जिकडं जाईल तिकडं ह्यो सामान घेऊन मागं.”

नातवानं मग अनिकेत जाधवचं नाव काढलं. कोल्हापूरचा अनिकेत 2017 साली सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा आबांनी दिल्लीतले तिन्ही सामने टीव्हीवर पाहिले. भारत तिन्ही हरला, तरी त्यांच्या दृष्टीनं कोल्हापूर हरलं नव्हतं. पुढं अनिकेत जमशेदपूरकडून खेळायला लागला आणि आबा जमशेदपूरचे झाले. तो हैदराबादला गेला, आबा निजामाच्या मुलखात. तो ईस्ट बंगालचा झाल्यावर आयुष्यभर मोहन बागानचं कौतुक करणाऱ्या आबांनी एका रात्रीत पद्मा नदी ओलांडली.

“मग तुमचं सामान कोण उचलतंय, आबा?” नातवानं विचारलं.

“त्यो आपला हाय,” आबा म्हणाले. हे कलम आलं की खटला तिथंच निकाली निघतो.

पण हे झालं घरचं. वर्ल्ड कप आला की गल्लीत पताका लागतात, चौकात कटआउट उभे राहतात आणि पेठांच्या सीमा मोडून नवी फाळणी होते: ब्राझील आणि अर्जेंटिना. ढोबळ हिशेब असा, की पेलेचं नाव पेपरात वाचून मोठी झालेली पिढी ब्राझीलची आणि 1986 साली दूरदर्शनवर मॅराडोना बघितलेली पिढी अर्जेंटिनाची. ते सामने मेक्सिकोत भर दुपारी आणि आपल्याकडं रात्री साडेअकराला. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी गल्ली. त्या टीव्हीनं पेठेतली कितीतरी पोरं एका महिन्यात बाटवली, असं आबांचं म्हणणं. ते स्वतः ढळले नाहीत. त्या वर्षी झिकोनं फ्रान्सविरुद्ध पेनल्टी घालवली आणि ब्राझील बाहेर गेलं, तेव्हा आबा दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत. कारण म्हणून ‘घरगुती अडचण’ लिहिलं.

या फाळणीत तालमी चालत नाहीत. 2014 मध्ये जर्मनीनं ब्राझीलला 7-1 असं चेचलं, त्या रात्री अर्ध्या तासातच पाच गोल झाल्यावर आबा घराबाहेर आले. कट्ट्यावर आधीच एक जण बसला होता. बालगोपालचा, बारा वर्षं बोलणं बंद असलेला. आबांनी विचारलं, “किती झालं?” तो म्हणाला, “पाचपर्यंत मोजलं.” मग दोघं उजाडेपर्यंत 1970 च्या ब्राझीलबद्दल बोलत बसले. तो संघ दोघांपैकी एकानंही खेळताना पाहिला नव्हता. हंगाम लागल्यावर बोलणं पुन्हा बंद झालं, ते वेगळं.

आणि मग 2022 चा अंतिम सामना आला: अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. ब्राझीलच्या माणसानं करायचं काय? अर्जेंटिना म्हणजे जन्माचा दावेदार. फ्रान्स म्हणजे 1986, 1998 चा अंतिम सामना आणि 2006 असा तीनदा गळा कापणारा. व्याही मॅराडोनापासूनचे अर्जेंटिनाचे. त्यांनी सकाळीच फोन करून डिवचलं होतं. नातू एम्बापेचा, कारण रोनाल्डो घरी गेला होता. आबांनी संध्याकाळी पेपर उघडला, चष्मा लावला आणि रेफ्री कुठला ते शोधून काढलं. पोलंडचा.

“आज आपण पोलंडचं,” त्यांनी जाहीर केलं.

साडेआठला सामना सुरू झाला. पोलंडनं दिलेल्या पहिल्याच पेनल्टीला आबांनी “बरोबर हाय” म्हटलं. दुसऱ्या अर्धात एम्बापेनं दोन मिनिटांत दोन गोल मारले तेव्हा नातवाच्या आरडाओरड्यात आबा गप्प होते. जादा वेळेत मेस्सीनं अर्जेंटिनाचा तिसरा मारला तेव्हा त्यांचा हात आपोआप वर गेला. तो त्यांनी डोक्यावरून फिरवून खाली आणला. 3-3 झालं, पेनल्ट्या झाल्या, अर्जेंटिना 4-2 नं जिंकलं. चौकात फटाके लागले आणि फोन वाजला.

“काय पावणं, पेढे पाठवू का?” व्याह्यांनी विचारलं.

“पाठवा की,” आबा म्हणाले. “पण रेफ्रीच्या नावानं खाणार.”