बाणाची काडी निवडावी कशी (आणि शोधावी कुठे)

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही लाकडी कमान घेतली आहे, घरी तिची किंमत निम्मी सांगितली आहे, आणि आता स्वस्तात टिकाऊ बाण हवे आहेत. दुकानात जायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझा बाण चुकल्यावर आदळणार कशावर? दगडावर, बाभळीच्या खोडावर, विहिरीच्या कठड्यावर की नुसत्या गवतात? नवशिके नेम चांगला लागावा म्हणून बाण निवडतात. नेम बसायला वर्ष लागतं आणि तोवर बाण मरत राहतात. तेव्हा तो उडतो कसा हे नंतर बघू. आधी मरतो कसा ते बघू.

पायरी 1. मरण निवडा.

लाकडी काडी मोडते. या कामात नावाजलेलं लाकूड म्हणजे अमेरिकेतल्या ओरेगनच्या किनाऱ्याकडचं पोर्ट ऑरफर्ड सीडर. त्याला आल्यासारखा वास येतो, त्यामुळे मोडल्यावर निदान घरात दरवळ तरी राहतो. ते इथवर येईपर्यंत वाहतूक आणि कस्टम मिळून त्याचं चंदन होतं. मग माणूस हार्डवेअरच्या दुकानातली गोल दांडी उचलतो. उचला, पण उजेडात धरून तिच्या अंगावरच्या रेषा बघा. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच एखादी रेषा तिरकी होऊन कडेला बाहेर पडत असेल, तर दांडी तिथेच मोडणार. तीही बाण सुटताना, आणि तिचं अणकुचीदार टोक कमान धरलेल्या हातात घुसणार. एवढं सोडलं तर लाकूड फार टिकाऊ. 1545 साली बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्रज युद्धनौकेचे अवशेष उपसले, तेव्हा चिखलातून हजारो बाण निघाले, बहुतेक पॉपलरचे. चार शतकांहून जास्त टिकले, कारण ते कोणी सोडलेच नव्हते.

अ‍ॅल्युमिनियमची नळी वाकते. तिच्यावर 1716, 1816 असे आकडे छापलेले असतात. ते बघून इतिहासाच्या तासाला बसल्यासारखं वाटतं. 1816 म्हणजे पेशवाई बुडायला अजून दोन वर्षं आहेत. खरा अर्थ साधा आहे. पहिले दोन आकडे म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागात. पुढचे दोन म्हणजे नळीच्या पत्र्याची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. वाकलेली नळी गुडघ्यावर दाबून सरळ करावीशी वाटेल. करू नका. मी केली आहे. ती आता दोन ठिकाणी वाकलेली आहे.

कार्बनची काडी वाकत नाही आणि एरवी सहज मोडतही नाही. तिचं मरण न दिसणारं असतं: केसाएवढी चीर. तशी काडी कमानीला लावून सोडली तर ती फुटून तिच्या सळ्या हातात शिरतात. म्हणून दगडाला लागलेली कार्बनची काडी पुन्हा लावण्याआधी दोन्ही टोकं धरून जराशी वाकवायची, फिरवून पुन्हा वाकवायची आणि कान द्यायचा. माठ घेताना टिचकी मारून ऐकतो, तसंच. चरचर आली तर ती काडी मोडून टाका, म्हणजे चुकूनही परत भात्यात जाणार नाही. कार्बनवरचा 500 हा आकडा म्हणजे ठरावीक वजन टांगल्यावर काडी अर्धा इंच लवते. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा आकडा वाढला की नळी ताठ, कार्बनचा वाढला की काडी मऊ. हे ठरवणाऱ्या दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं असावं.

फायबरग्लास शिबिरात मुलांना देतात. जड असतं. पुढे चला.

पायरी 2. एक किलो साखर आणा.

बाण कमानीतून सरळ सुटतो असं आपण लहानपणापासून चित्रात बघतो. तो सरळ सुटत नाही. कमान मध्ये आडवी येते, तेव्हा बाण सापासारखा लवतो, तिला वळसा घालतो आणि मग रुळावर येतो. 1930च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं होतं. काडी फार ताठ असेल तर उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो, फार मऊ असेल तर उजवीकडे. काडीचा हा ताठपणा म्हणजे 'स्पाइन'. नवशिक्याचा अर्धा दोष हाताचा नसून स्पाइनचा असतो. उरलेला अर्धा हाताचाच.

स्पाइन मोजायचं यंत्र मिळतं, पण आपल्याला स्वस्तात करायचं आहे. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवा, पाठींमध्ये बरोबर 26 इंच अंतर. त्यावर काडी आडवी. काडीच्या मध्यावर दोन पौंड, म्हणजे 907 ग्रॅम टांगायचे. साखरेच्या एक किलोच्या पुड्यातून 93 ग्रॅम काढले की झालं. (काढलेली साखर कुठे गेली हे घरात दुसऱ्या दिवशी विचारलं जाईल.) आता मध्यभागी काडी किती लवली ते पट्टीनं मोजा आणि 26ला त्या इंचांनी भागा. अर्धा इंच लवली तर उत्तर 52 पौंड. तुमची कमान 40 पौंडांची असेल, तर काडी सुमारे साडेसोळा मिलिमीटर लवायला हवी. डझनभर काड्यांत पाचेक पौंडांपेक्षा जास्त फरक असला, तर तो डझन नाही, बारा वेगवेगळे सोबती आहेत.

आता वजन. कमानीच्या दर पौंडाला आठ ते दहा ग्रेन, असा पारंपरिक कमानीचा हिशोब. 40 पौंडांच्या कमानीला 400 ग्रेनचा बाण म्हणजे जवळपास 26 ग्रॅम. बाण फार हलका झाला तर त्याला न दिलेला जोर कमानीच्याच अंगात राहतो आणि कमान फुटू शकते. ग्रेन हे माप गुंजेच्या निम्म्याहून थोडं जास्त. त्यामुळे मी माझे बाण ओळखीच्या सोनाराकडे नेऊन तोलले. त्यानं बारा बाण तोलले, वहीत लिहून दिले, आणि घडणावळ किती लावू असं विचारलं.

पायरी 3. (ही पायरी शेजारच्या शेतात पडली आहे. सापडली की सांगतो.)

पायरी 4. बुरूड आळीत जा.

कारण शेवटी सगळे बांबूवरच येतात. बाणाला आपण 'शर' म्हणतो, ते मुळात एका बोरूसारख्या गवताचं नाव. कौटिल्यानं बाणांची यादी दिली आहे, तीत वेळू आहे, शर आहे आणि अखंड लोखंडाचा नाराचही आहे. आजही आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राउंड' बांबूच्या कमानीनं 30 आणि 50 मीटरवर खेळतात. नंदुरबारकडच्या भिलांना तीरकामठ्यासाठी हा लेख लागत नाही, तेव्हा त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

पुण्याच्या बुरूड आळीत मी एका मावशींना बोटाएवढ्या सरळ काड्या मागितल्या.

"कशाला पाहिजेत, काका?"

"बाण करायचेत."

"कितवीत आहे मुलगा?"

माझेच आहेत म्हटल्यावर त्यांनी सूप विणणं थांबवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग मी निवडून ठेवलेल्या वीस काड्यांतल्या चौदा त्यांनी एकेक करून बाजूला टाकल्या. तळहातांमध्ये काडी फिरवायची, डगमगली की फेकायची. डोळा लावून बघणं वगैरे नाही. एका काडीवर बारीक भोकं होती, ती आपटली तर पिठासारखा भुगा पडला. "भुंग्यानं खाल्लीय. पावसाळ्यात तोडलेली असणार." खाच कुठे पाडणार हेही त्यांनी विचारलं. मी मोकळ्या पेराचं टोक दाखवलं.

"उभी चिरंल की. गाठीच्या लगेच पुढं कापा, आन् वरनं दोरा गुंडाळा घट्ट."

त्यांनी जन्मात बाण सोडलेला नाही. मी तोवर परदेशी तिरंदाजांचे तासन्‌तास व्हिडिओ पाहिले होते.

घरी आल्यावर काड्या महिनाभर सावलीत वाळू द्या. गाठी किसून सपाट करा. वाकडी गाठ गॅसच्या मंद आचेवर फिरवत तापवा, हाताला सोसेल न सोसेल इतकी झाली की उलट्या बाजूला दाबून गार होईस्तोवर धरा. पहिल्या चार जळतील. मन खट्टू होऊ देऊ नका: आल्प्समध्ये 1991 साली सापडलेल्या, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या बर्फातल्या माणसाच्या भात्यात 14 काड्या होत्या, त्यांतले तयार बाण फक्त 2. पिसं मात्र खरीच लावा, प्लॅस्टिकची पाती कमानीला घासून बाण फेकतात. आणि सगळी एकाच बाजूच्या पंखाची. रंग कुठलाही, फक्त हिरवा नको.

पायरी 3. सापडली.

ती अशी: बाण गेल्यावर तो कुठे गेला हे बघत राहा, कमानीकडे बघू नका. माझे हिरव्या पिसांचे तीन बाण शेजारच्या अण्णांच्या वावरात गेले आणि पावसाळाभर दिसले नाहीत. दिवाळीनंतर अण्णांच्या बांधावर वालाचा वेल फुलला होता. त्याला आधार म्हणून तीन काठ्या रोवलेल्या. बांबूची भुंग्यानं पोखरून आडवी झाली होती, अ‍ॅल्युमिनियमची वेलाच्या भारानं कमरेत वाकली होती. तिसरी कार्बनची, माझ्याकडची सगळ्यात महाग, शेंगांनी लगडून अगदी ताठ उभी होती.

मी म्हटलं, "अण्णा, ही माझी आहे."

अण्णांनी तिला हलवून बघितलं. "लई चांगली काठी. किडत नाय, वाकत नाय," म्हणाले, "अजून आठ-धा मिळतील का?"