कुणीकडं निघालाव?

लातूर-नांदेडकडच्या शिवारात कामाशिवाय चालणारा माणूस संशयित असतो. पोलिसांच्या लेखी नव्हे, त्याहून कडक अशा गावाच्या लेखी. खांद्यावर कुदळ असू द्या, हातात विळा असू द्या, अगदीच काही नाही तर टमरेल असू द्या. कुणी मान वर करून बघणार नाही. पण हात मागं बांधून, दोन्ही बाजूंची तूर न्याहाळत पांदणीनं निघालात की पहिल्याच लिंबाखालून प्रश्न येतो, "कुणीकडं निघालाव?" त्यावर "असंच" हे उत्तर चालत नाही. असंच कुणी कुठं जातं होय?

मग तर्क सुरू होतात. हा पीकविम्याचा पंचनामा करायला आला असेल. नाहीतर पुण्याच्या कुणासाठी जमीन बघायला. नाहीतर मुलीकडचा पाहुणा असेल. पोराच्या नावावर सांगितलेली सात एकर खरंच सात आहे की नाही, हे धुऱ्यावर उभं राहून बघतोय. हा शेवटचा तर्क पक्का झाला तर चहा हमखास मिळतो, म्हणून मी तो कधी खोडत नाही. अलीकडं मात्र एक चौथा तर्क आलाय आणि तो चहापर्यंत जात नाही. पवनार ते पत्रादेवी अशा शक्तिपीठ महामार्गाची रेषा आमच्या शिवारांवरून आखली गेली, मोजणीला ठिकठिकाणी विरोध झाला, आणि तेव्हापासून हातात कागद घेऊन धुऱ्यानं चालणं तब्येतीला बरं राहिलेलं नाही. फिरायला जायचं तर हात रिकामे ठेवावेत. मोबाईलमध्ये नकाशा बघायचा असेल तर घरीच बघून निघावं.

इंग्लंडात म्हणे कुणी असं विचारत नाही. तिथं खेड्याभोवतीच्या शेतांतून, कुरणांतून पायवाटा जातात आणि ज्याचा त्या शेताशी काडीचा संबंध नाही असा माणूस बूट घालून, काठी घेऊन त्यावरून बिनधास्त जातो. हा हक्क काही आयता मिळाला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे काहीशे लोक, त्यात गिरण्या-कारखान्यांतली पोरंच जास्त, किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम घुसले. पठार जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेलं. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढं १९४९ साली कायदा झाला आणि पायवाटा अधिकृत नकाशावर चढल्या. तिथल्या पायवाटांच्या कायद्यांतला मला सगळ्यात आवडलेला भाग असा : शेतातून आडवी गेलेली पायवाट शेतकऱ्यानं पेरणीसाठी नांगरली, तर साधारणपणे चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, किमान एक मीटर रुंद.

एक मीटर! हे वाचून आमच्याकडचा कुठलाही खातेदार हसेल. कारण कागदावर आम्ही कितीतरी श्रीमंत आहोत. गावनकाशा उलगडून बघा. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, त्याची रुंदी ८.२५ फूट, म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौथा हिस्सा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, १६.५ ते २१ फूट. नकाशावरच्या त्या पायमार्गानं इंग्लंडातल्या दोन पायवाटा खांद्याला खांदा लावून जातील. प्रत्यक्षात तिथं एक माणूस आणि एक शेळी समोरासमोर आले तर शेळी थांबत नाही, माणसाला तुरीत उतरावं लागतं.

बाकीची रुंदी कुठं गेली, याचं उत्तर सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि कुणीच देत नाही. नांगर धुऱ्याला वळवताना दरसाल एक तास पलीकडं सरकतं, एवढंच. एका तासाला कुणी भांडत नाही. वीस वर्षांनी भांडतात. तोवर ज्यानं पहिलं तास सरकवलं तो फोटोत गेलेला असतो आणि नातू शपथेवर सांगतो की रस्ता पहिल्यापासून एवढाच होता. दैवगती अशी, की वाटा बारीक होत गेल्या आणि अवजारं मोठी होत गेली. बैलगाडीला पाच-सहा फुटांत भागायचं. आता सोयाबीन काढायला हार्वेस्टर येतं आणि ते डांबरी रस्त्यावर उभं राहून, पोचायचं कुठून हे विचारतं.

मग तहसील. पलीकडं जायला वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३. आहे ती वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५. म्हणजे वाट देण्याच्या कायद्यापेक्षा अडवल्याची दाद लावणारा कायदा साठ वर्षांनी थोरला, यात काय ते आलं. तो झाला तेव्हा आम्ही निजामाच्या मुलखात होतो. पुढं तोही आमच्याकडं आला आणि आल्यापासून त्यानं काही पाठ टेकलेली नाही. या प्रकरणांत मला एक गोष्ट मात्र रम्य वाटते : स्थळपाहणी. साहेबांना खुर्ची सोडून धुऱ्यावर यावं लागतं. आणि ती जुलैत निघाली, तर काळी माती दहा पावलांत अधिकारी आणि अर्जदार यांना एका पातळीवर आणते. बुटाला चिकटलेला चिखल काडीनं खरवडत दिलेला निर्णय सहसा व्यवहारी असतो.

सरकारनंही हात झटकलेले नाहीत. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, आणि २०२५ साली शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात करायचं ठरलं. चांगलंच झालं. पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर घालून चिखलातून डांबरीपर्यंत आणणाऱ्या वस्तीला पांदणीचं कौतुक ऐकवायची माझी हिंमत नाही.

तरी वाट अडवण्याची आमची जुनी रीत फारच देखणी. बोराटी. बोरीची वाळलेली फांदी आडवी टाकली की जनावर थांबतं. माणसानं मात्र ती उचलायची, पलीकडं जायचं आणि मागं वळून जशीच्या तशी ठेवायची. उचलायचीही पद्धत आहे : बुडख्याकडून धरायची, शेंड्याकडून नाही. बोरीचे काटे जोडीनं असतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकलेला. सरळ काटा बोचतो आणि सोडून देतो; वाकडा धोतर धरून ठेवतो. त्याला हिसका द्यायचा नसतो. ज्या दिशेनं अडकला त्याच दिशेला अर्धं पाऊल मागं यायचं, तो आपोआप सुटतो. शहरातून आलेला हिसकाच देतो, आणि गावाला त्याच्या पँटच्या गुडघ्यावरून कळतं की पाहुणा आला. ज्यांना बोराटीचाही भरवसा नाही ते कडेनं करडईच्या दोन ओळी पेरतात. तिची काटेरी पानं ओलांडून गुरं आत शिरत नाहीत, आणि वर तेलही मिळतं.

नकाशात नसलेल्या वाटा पाडतात त्या बाया. खुरपणीला पाच-सहा जणी डोक्यावर डबे घेऊन निघाल्या की त्या तुटक रेषा विचारत नाहीत; त्या सगळ्यात जवळून जातात. पंधरवड्यात तिथली हराळी बसते, काळी माती घट्ट होते, आणि मग पोस्टमनपासून कुत्र्यापर्यंत सगळे तीच वाट धरतात. किल्लारीकडं तर गावंच हलली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नवी गावं दुसरीकडं वसली. शेतं होती तिथंच राहिली. जुन्या वाटा पडलेल्या गावठाणाकडं जात होत्या, आणि नव्या घरापासून त्याच शेताला जायला नव्या वाटा पाडाव्या लागल्या. ते काम कुठल्याही आराखड्यानं नाही, डबा नेणाऱ्यांनी केलं.

आणि वर्षातून एक दिवस असा येतो की कुणीकडं निघालाव, हे कुणी कुणाला विचारत नाही. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्ष संपता संपता लातूर शहर दुकानं बंद करून शिवारात उतरतं. कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव, डोक्यावर आंबिलाचं बिंदगं, टोपल्यात भज्जी, उंडे, खीर. दुपारी तर पांदणीतून गर्दीमुळं नीट चालताही येत नाही. ज्याला शेत नाही त्याला आवतण असतं, आणि ज्याला आवतण नाही त्याला वाटेवरचा माणूस हाताला धरून नेतो. ज्या धुऱ्यावरून तहसीलात तारखा चालू आहेत त्या धुऱ्यावरची बोराटीसुद्धा त्या दिवशी बाजूला असते. वादी प्रतिवादीच्या कोपीत आंबील पितो, भज्जीत भुईमूग कमी पडलाय असं तोंडावर सांगतो, आणि निघताना विचारतो, "तात्या, मंगळवारी तारीख हाय. गाडी काढलालाव का?"

"काढतो की. पेट्रोल तू टाक."