बिनखात्याचे निवडकर्ते

तालुक्याच्या प्रत्येक गावी एक मामलेदार असतो, एक फौजदार असतो, आणि एक असा गृहस्थ असतो की, सरकारने अथवा समाजाने कोणताही अधिकार त्याच्याकडे सोपविलेला नसताना, कोणत्या संघात कोणता गडी घ्यावा आणि कोणता वगळावा याचा निवाडा करण्याची जोखीम त्याने आपण होऊन शिरावर घेतलेली असते. पहिल्या दोघांच्या बदल्या होतात. तिसऱ्याची होत नाही. पुण्यामुंबईकडे हा गृहस्थ बहुधा क्रिकेटच्या रूपाने आढळतो. पोलादपुरात, जिथे महाबळेश्वराहून उतरणारा आंबेनळी घाट मुंबई-गोवा रस्त्याला येऊन मिळतो, तिथे त्याने कबड्डीचा अवतार धारण केला आहे. आणि ते यथायोग्यच झाले, कारण ज्या डोंगरी मुलुखात सपाट जमिनीचा तुकडा सापडलाच तर लोक आधी त्यात भात लावतात, तिथे क्रिकेटची सीमारेषा आखायची कुठे? कबड्डीला १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद एवढी जागा पुरते, आणि तेवढी जागा भात झोडून झाल्यावर कोणत्याही वाडीत निघते.

या गृहस्थांना गाव अण्णा म्हणते. अण्णांची हयात महसूल खात्यात गेली, आणि अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या शालीनारळाबरोबर त्यांनी खात्याची भाषाही घरी नेली. एस.टी. स्थानकासमोरच्या हॉटेलात, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या बाकावर, सकाळी नऊच्या सुमारास ते स्थानापन्न होतात. शेजारी लाल बासनात बांधलेली एक जाडजूड वही असते, आणि त्या वहीत पोलादपूर, महाड आणि लगतच्या माणगाव तालुक्यातील यच्चयावत होतकरू कबड्डीपटूंची नोंद, वय, वजन, वाडी, बापाचा धंदा आणि अभिप्राय अशा रकान्यांतून व्यवस्थित केलेली असते. अभिप्रायाच्या रकान्यातले काही शेरे मला वाचावयास मिळाले. एका कोपरारक्षकाबद्दल लिहिले होते : “डाव्या कोपऱ्यावर वहिवाट तीन वर्षांची; परंतु कब्जा निर्वेध नाही.” एका चढाईपटूबद्दल : “पाय उत्तम, दम बरा, अक्कल तगाईवर.” आणि एका मध्यरक्षकाच्या नावापुढे केवळ इतकेच : “साखळीत हात सोडतो. समक्ष पाहणी व्हावी.”

अण्णांच्या आस्थेचा खरा विषय मात्र खेळणारा खेळाडू हा नाहीच. तो आहे पुढे खेळू शकेल असा मुलगा. ज्याने नाव कमावले, ज्याच्या नावाचे फलक चौकात लागले, ज्याला ‘उत्कृष्ट चढाई’चा चषक आणि एखादी सायकल मिळाली, त्याच्याकडे अण्णा वसूल होऊन गेलेल्या साऱ्याप्रमाणे निर्विकार दृष्टीने पाहतात. परंतु आठवीनववीतला एखादा पोरगा एस.टी. चुकू नये म्हणून स्थानकाच्या फाटकातून धावला, आणि आडव्या आलेल्या म्हातारीला वळसा घालताना त्याने डाव्या पायावर भार घेऊन अंग उजवीकडे टाकले, की अण्णांचा चहा बशीतच राहतो. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या कुळाची, मुळाची आणि विशेषतः मामाची चौकशी सुरू होते. कारण अण्णांचा असा सिद्धांत आहे की, मुलगा किती भरेल हे त्याच्याकडे पाहून कळत नाही, त्याच्या मामाच्या मांड्या पाहून कळते. आणि पुरुष गटाची वजनाची मर्यादा ८५ किलोची असल्यामुळे, मामा फारच भरदार निघाला तर मुलाचे भवितव्य धोक्यात आहे असेही ते चिंतायुक्त मुद्रेने सांगतात. पूर्वी उभ्या पिकाची आणेवारी काढताना बांधावर उभे राहून दाणा भरण्यापूर्वीच पीक किती आणे येईल हे सांगावे लागे. अण्णा आज पोरांच्या बाबतीत तेच करीत आहेत, आणि त्या काळाप्रमाणेच आजही शेतकऱ्याचे मत विचारात घेण्याची त्यांना गरज भासत नाही.

या शोधाची एक ठराविक परिणती आहे. पोरगा सापडला की पहिले वर्ष कौतुकाचे. काळभैरवाच्या, हनुमानाच्या, जननीच्या नावाने निघालेल्या वाडीवाडीच्या मंडळांचे सामने दिवाळीनंतर सुरू होतात. लाल मातीवर पाणी मारून, रोलर फिरवून, हॅलोजनच्या उजेडात ते पहाटेपर्यंत चालतात. तिथे अण्णा गुणलेखकाच्या टेबलाजवळ बसतात आणि आपला पोरगा चढाईला निघाला की टाळी न वाजविता केवळ मान डोलावितात. दुसऱ्या वर्षी त्याची तुलना थोरांशी होऊ लागते. निदान रेषा ओलांडून तो बोनससाठी पाय टाकतो तो थेट अनुप कुमारसारखा, आणि उजव्या कोपऱ्यावरून घोटा धरतो तो कशेडी घाटापलीकडच्या चिपळूणच्या शुभम शिंदेसारखा, असे हॉटेलात जाहीर होते. तिसऱ्या वर्षी तो मुलगा खरोखरच तालुक्याच्या संघात निवडला जातो, आणि त्या क्षणी अण्णांचे त्याच्यावरील प्रेम आटू लागते. “पूर्वीचा राहिला नाही,” ते म्हणतात. हा पूर्वीचा काळ म्हणजे मागचा शिमगा असतो. मग वहीत त्याच्या नावापुढे ‘हस्तांतरित’ असा शेरा पडतो आणि अण्णा नवा पोरगा शोधावयास स्थानकाच्या फाटकाकडे तोंड करून बसतात.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा अण्णांच्या कार्यक्षेत्राचा एकाएकी अखिल भारतीय विस्तार झाला. खेळाडूंचे लिलाव पुकारले जातात हे ऐकून त्यांना प्रथम धक्का बसला. लिलाव हा शब्द त्यांनी तोवर थकबाकीदाराच्या गुराढोरांच्या आणि भांड्याकुंड्यांच्या संदर्भातच वापरला होता. पण लवकरच त्यांना त्यात घरचा वास येऊ लागला. २०१८ मध्ये चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाने ३६ लाखांच्या घरात घेतला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना उचलला, तेव्हा मूल्यांकन पहिल्याच खेपेस चुकीचे झाले होते असा अण्णांनी निर्वाळा दिला. २०२२ मध्ये पवन सेहरावतवर तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाख लावले आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो संपूर्ण हंगामाला मुकला, त्या रात्री तर अण्णा हॉटेलमालकाला उठवावयास गेले होते असे सांगतात. आपण हे आधीच लिहून ठेवले होते असा त्यांचा दावा आहे, आणि वही उघडून पाहिली तर तो खोटाही नाही. अण्णांच्या प्रत्येक भाकिताखाली ‘तथापि’ने सुरू होणारे आणखी एक वाक्य असते, आणि दोन वाक्यांपैकी एक खरे ठरतेच.

तरीही एका बाबतीत अण्णांची बूज राखली पाहिजे. २०२१ च्या हंगामासाठी पुणेरी पलटणने अस्लम इनामदार, मोहित गोयत असे कोवळे गडी नवोदितांतून घेतले, पुढे त्यांना नाशिकचा आकाश शिंदे येऊन मिळाला, आणि हॉटेलातली बाकीची मंडळी “पोरासोरांचा संघ” म्हणून हसत असताना अण्णांनी एकट्याने पलटणची बाजू लावून धरली. २०२२ मध्ये पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली तेव्हा मंडळी पुन्हा हसली. अण्णांनी त्यांना कुळकायद्याचे तत्त्व ऐकविले : जो कसतो त्याची जमीन, पण कसायला हंगाम द्यावा लागतो. अखेर १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नऊऐवजी साडेसातलाच बाकावर हजर होते. मात्र अभिनंदन स्वीकारताना त्यांनी इतकेच सांगितले की, आता या पोरांत राम राहिलेला नाही.

अण्णांचा एक भाचा न्यू जर्सीत असतो. तिथे बेसबॉल नावाचा खेळ लोकप्रिय असून मुख्य संघात २६ गडी असतात, त्याखाली चार पायऱ्यांचे दुय्यम संघ असतात, आणि शाळा-कॉलेजातून उचललेली मुले त्या पायऱ्या चढत वर्षानुवर्षे झिजतात. कोणते पोरगे कधी वर येईल यावर तिथले पोक्त लोक नोकरीधंदा सांभाळून कडाकडा भांडतात, असे त्याने गणपतीला आला असता मामांना सांगितले. अण्णा बराच वेळ स्तब्ध होते. सातासमुद्रापलीकडे आपल्यासारखे हजारो अव्वल कारकून आहेत या जाणिवेने त्यांना क्षणभर कृतार्थता वाटली असावी. मग त्यांनी विचारले, “सव्वीस? आमच्या जिल्ह्याला बारा नीट निवडता येत नाहीत, आणि हे सव्वीस निवडतात?”

हे बारा म्हणजे जिल्हा संघाचे बारा. सात मैदानात आणि पाच राखीव. निवड चाचणी जवळ आली की अण्णांची प्रकृती नाजूक होते. अलिबाग, पेण, रोहा या भागांत खेळाडूही उदंड आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारेही उदंड, आणि पोलादपूर पडले जिल्ह्याच्या अगदी शेपटाला. त्यामुळे आपल्या तालुक्याचा गडी वगळला गेला तर तो उघड अन्याय, आणि घेतला गेला तर ती केवळ तोंडदेखली तजवीज, अशी अण्णांची दुहेरी व्यवस्था असते. चाचणीच्या आधीच त्यांनी स्वतःची यादी सुवाच्य अक्षरात तयार केलेली असते. ती मी पाहिली आहे. तिच्यात तेरा नावे होती. मी हे निदर्शनास आणून दिले तेव्हा अण्णांनी चष्मा पुसला, यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली, एका नावावर शिसपेन टेकविली, ती उचलून दुसऱ्या नावावर टेकविली, आणि मग बासन बांधता बांधता म्हणाले, “पोरांची नावं आहेत ती, खोडायची कशी?” थोर थोर निवडकर्त्यांशी वाद घालणारा हा माणूस एक नाव खोडू शकत नाही हे मला त्या दिवशी समजले.

खोडण्याचे काम दुसरे कोणी तरी करीतच असते. या तालुक्याच्या संघातून गडी वगळण्याचा अव्याहत अधिकार मुंबईकडे आणि अलीकडे महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे आहे. बारावी झाली की पोरगा चाकरमानी होतो. नालासोपाऱ्याला चुलत्याच्या खोलीत राहून कुरियरचे पार्सल वाटतो, आणि ज्या डाव्या कोपऱ्यावर अण्णांनी तीन वर्षे सारा भरला तो कोपरा ओस पडतो. जो गावातच राहतो त्याला रसायनाच्या कारखान्यात पाळी लागते. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के जागा राखीव असतात हे अण्णा प्रत्येक आईबापाला शासन निर्णयासह समजावून सांगतात, पण त्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी राज्यस्तर गाठावा लागतो, आणि तो गाठेपर्यंत घरात दुसरा पगार नसतो. गेल्या वर्षी अण्णा अशाच एका पोराच्या घरी शिष्टाईस गेले. मुलगा तिसऱ्या चढाईला हमखास गुण आणणारा. सामना रात्री दहाचा, आणि पाळीही दहाचीच. अण्णांनी अर्धा तास मौखिक युक्तिवाद केला. आईने चुलीवरून चहा उतरवून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “अण्णा, तुमचं समदं खरं हाय. पर पोराची रजा तुमच्या वहीत मांडून कारखान्यात चालल का?” यावर काय शेरा मारावा हे अण्णांना सुचले नाही. त्यांनी चहा घेतला, बशी पालथी घातली, आणि तो सामना आपला संघ चढाईपटूवाचून हरताना टेबलाजवळ बसून निमूट पाहिला. निकालानंतर संघनायकाला मात्र त्यांनी लोण का पडला याचा सविस्तर पंचनामा ऐकविला, आणि त्यात कारखान्याचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता.

मध्यंतरी तालुक्यातल्या काही तरुणांनी, अण्णांना जिल्ह्याच्या निवड समितीवर घ्यावे, अशा मजकुराचा अर्ज सह्यांनिशी तयार केला आणि मसुदा तपासण्यासाठी तो अण्णांकडेच आणून दिला. अण्णांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या, समासात “अर्जदारांना वस्तुस्थितीची कल्पना नाही, सबब दप्तरी दाखल” असे लिहून खाली सही केली, आणि कागद आपल्या वहीत लावून टाकला.