किंमत इनबॉक्समध्ये

दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत साड्यांचा बाजार भरतो. पलंगावर स्वच्छ चादर, मागच्या भिंतीला खणाचं तोरण, समोर स्टँडवर फोन. त्या फोनकडे पाहत एक बाई म्हणते, "नमस्कार मैत्रिणींनो, माझा आवाज येतोय का? येत असेल तर हार्ट टाका बरं." हार्ट पडतात. मग "जॉइन होताय त्यांनी आधी लाइव्ह शेअर करा" अशी प्रेमळ तंबी मिळते आणि पहिली साडी उलगडते. मला साडी घ्यायची नसते, नेसायची तर त्याहून नसते. तरी मी बघत बसतो. दुपारी वाहिन्यांवर जे लागतं त्यापेक्षा हे कथानक वेगवान असतं.

खाली कॉमेंटांची रांग लागते. "पीपी." "ताई, पीपी." "पिस्ता कलरमध्ये आहे का? पीपी." पीपी म्हणजे प्लीज प्राइस, किंमत सांगा. ताई किंमत सांगत नाहीत. "इनबॉक्स केलंय हं." पदर, काठ, बुट्टे, ब्लाउजपीस, सगळं शे-दोनशे बायकांसमोर उघडं करून दाखवायचं आणि भाव तेवढा कानात सांगायचा. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरतो ना, तसंच हे. फरक एवढाच, की इथे रुमालाची किंमतही मिळू शकते, इनबॉक्समध्ये.

एवढ्यात आत कुकरची शिट्टी होते. ताई विचलित न होता आत ओरडून सांगतात, "अहो, तीन झाल्या की बंद करा!" आणि पुन्हा फोनकडे वळून म्हणतात, "ही बघा, सेमी पैठणी आहे. येवल्याची हातमागाची नाही, आधीच सांगते. ती या किमतीत मिळणारच नाही. कुणी देतो म्हणाला तर मला पाठवा त्याचा नंबर." माझ्या मते साडी विकली जाते ती या क्षणाला. बाईच्या घरात कुकर आहे, कुकर बंद करणारा नवरा आहे, आणि माल काय नाही हे ती स्वतःहून सांगते आहे. आता हिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ठाण्यातली वहिनी आणि लातूरची मावशी एकाच वेळी स्क्रीनशॉट काढतात, ताई "ही गेली लातूरला" असं जाहीर करतात आणि ठाण्याच्या वाटणीला हळहळ येते. "गेली" ऐकल्यावर पुढची साडी जरा लवकर बुक होते, हे सांगायला व्यवस्थापनशास्त्राची पदवी लागत नाही.

फेसबुकने लाइव्हची सोय सर्वांसाठी खुली केली २०१६ साली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओ आलं. इंटरनेट पुरवून वापरायची सवय एका मोसमात मोडली. या दोन गोष्टी बरोबरीने घडल्या नसत्या तर या ताई आज दुकानाच्या गाळ्याचं डिपॉझिट जमवत बसल्या असत्या, नाहीतर पिशवीत साड्या भरून भिशीच्या घरोघर हिंडल्या असत्या. तेव्हा सोशल मीडियाने धंद्याला काय दिलं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर या पलंगापासून सुरू होतं.

इथपर्यंत सगळं छान आहे. पंचाईत होते ती धंदा ज्यांचा आधीपासून चालू आहे त्यांची.

आमच्या भागात एक हार्डवेअरचं दुकान आहे. मालक काका साठीच्या पुढचे. सीपीव्हीसी पाइप, एल्बो, टेफ्लॉन टेप, नळाचा वायसर यातलं काहीही मागा, मान वर न करता हात बरोबर त्या खणात जातो. एकदा त्यांच्या पुतण्याचा एक मित्र लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही ऑनलाइन दिसतच नाही." काकांनी स्वतःकडे एकदा पाहून घेतलं. मग पॅकेज ठरलं. महिन्याला बारा पोस्ट, चार रील, शिवाय कंटेंट कॅलेंडर.

कंटेंट कॅलेंडर हे प्रकरण आमच्या कालनिर्णयाच्या वरताण निघालं. त्यात गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया होतेच; पण मातृदिन, योगदिन, चहाचा दिवस, हसण्याचा दिवस असे काकांच्या सात पिढ्यांनी न पाळलेले सणही होते. प्रत्येक दिवशी काकांचा हात जोडलेला फोटो. तोच फोटो, मागचा देखावा तेवढा बदलायचा. गुढीपाडव्याला गुढीपेक्षा दुकानाचा लोगो मोठा. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या बाईच्या शेजारी काका, आणि काकांच्या खांद्यामागे दीड इंची पाइपांचा भारा. गावातल्या सगळ्या दुकानांचं हेच चाललेलं असल्याने त्या दिवशी चष्मेवाला, टायरवाला, दातांचा डॉक्टर आणि हार्डवेअर असे सगळे मिळून मला सौभाग्याच्या शुभेच्छा देत होते. बावीस मार्चचा जागतिक जलदिन, ज्याचा नळाशी काही संबंध होता, तो मात्र कॅलेंडरातून सुटला.

महिनाअखेर मुलगा अहवाल घेऊन आला.

"काका, रीच अकरा हजार!"

"अकरा हजार काय?"

"लोक."

"कुठले?"

"म्हणजे... सगळीकडचे."

"त्यातले वायसर न्यायला किती आले?"

"काका, हे ब्रँडिंग आहे. त्याला वेळ द्यावा लागतो."

"नळ गळायला लागल्यावर गिऱ्हाइकाकडे वेळ नसतो रे बाळा."

मुलगा खोटं बोलत नव्हता. अकरा हजार अंगठ्यांखालून काका खरोखरच सरकून गेले होते. पण सरकून जाणं आणि दुकानात येणं यांत जे अंतर आहे ते ओलांडायला पुन्हा पैसे मोजावे लागतात. त्याला बूस्ट म्हणतात. सुरुवातीला फेसबुकवर पान काढलं की लिहिलेलं लोकांपर्यंत बऱ्यापैकी फुकटात पोचायचं. हळूहळू ते आटत गेलं, आणि जानेवारी २०१८मध्ये तर झुकरबर्ग यांनी जाहीरच केलं, की यापुढे धंद्यांच्या पोस्टपेक्षा मित्रमंडळी आणि घरच्यांच्या पोस्ट वर दाखवल्या जातील. हेतू उदात्त होता. परिणाम असा, की ज्याला दिसायचं आहे त्याने भाडं भरावं. २०२३ साली मेटा कंपनीची कमाई सुमारे १३५ अब्ज डॉलर झाली, आणि त्यातले जवळजवळ १३२ अब्ज जाहिरातींचे होते. त्यात आमच्या काकांचे पाचशे रुपये आहेत. तेव्हा सोशल मीडियावरच्या मार्केटिंगचा सर्वांत खात्रीशीर फायदा कुणाला होतो, याचा हिशेब तरी पक्का आहे.

आणि समजा, पैसे न भरता नशीब उघडलंच, तर? तेही पाहिलंय. एका गल्लीतल्या मिसळवाल्याकडे कुणी खाद्यभटका आला, कट ओतताना स्लो मोशनमध्ये टिपला, "भाई, नादच खुळा" म्हणाला, आणि व्हिडिओ धावला. दुसऱ्या रविवारी गल्लीत चारचाकींची रांग. मिसळवाल्याने पातेलं वाढवलं, पोरं वाढवली, कट पातळ झाला. रोज सकाळी पेपर बगलेत धरून येणारे आजोबा रांग बघून परत फिरले. दोनचारदा फिरले आणि मग फिरकेनासे झाले. पुढे भटक्यांना दुसरी गल्ली सापडली, रांग तिकडे गेली. मिसळवाल्याकडे उरलं मोठं पातेलं. फॉलोअर आणि गिऱ्हाईक या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि एकीच्या नादात दुसरी दुखावली तर उधारी मागायलाही कुणी उरत नाही.

आता मी जरा जुन्या काळात शिरतो. वय झालं की माणसाला तेवढी मुभा असते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी त्याच्याकडे संशयाने बघत. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं अशी समजूत होती. नांगर पडून राहिले. नांगर चांगला आहे असं ओरडून ती समजूत जाणारी नव्हती. पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली, कारखाना वाढला, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं पत्रक सुरू केलं. कारखान्यात काय चाललंय, कोणतं अवजार कसं वापरावं, हे दूरवरच्या एजंटांना आणि गिऱ्हाइकांना कळावं म्हणून. हे पत्रक लोकांना इतकं आवडलं, की ते वाढत वाढत मराठीतलं एक नामवंत मासिक झालं, त्याच्या नावातली 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' उरलं, आणि 'स्त्री' व 'मनोहर' ही भावंडंही आली. नांगर आणि पंप विकणाऱ्या कंपनीने घराघरांत वाचनाची गोडी लावली. आजच्या भाषेत याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि त्यावर कार्यशाळा घेतात. त्यात शंकररावांचं नाव घेतलेलं मी तरी ऐकलेलं नाही. पण मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की पत्रकात वाचकाच्या उपयोगाचं काही असायचं. वाडीहून नुसत्या वटपौर्णिमेच्या शुभेच्छा आल्या असत्या तर 'खबर' दुसऱ्या अंकालाच आटोपली असती.

पुण्यातल्या चितळ्यांनी तर याहून स्वस्तात काम केलं. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवलं. बस. त्या तीन तासांवर जेवढे विनोद झाले तेवढी प्रसिद्धी कुठल्या एजन्सीला विकत घेऊन देता आली नसती. आणि पुढे दुकान दुपारीही उघडं राहणार असं ठरलं, तेव्हा त्याची चक्क बातमी झाली. दुकान उघडं असल्याची बातमी! धंद्यातल्या माणसाने यावर चिंतन करावं.

बातमीचं मोल मला नीट उमगलं ते २०२०च्या एप्रिलमध्ये. टाळेबंदी, वाशीचं मार्केट कधी चालू कधी बंद, आणि कोकणात आंबा झाडावर तयार. आंब्याला थांब म्हणता येत नाही. तेव्हा रत्नागिरी-देवगडकडच्या अनेक बागायतदारांनी थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप गाठले. आमच्याही ग्रुपवर, जिथे 'फक्त सोसायटीच्या कामासाठी' असं वर लिहिलेलं आहे आणि खाली पाण्याच्या टाकीवरून भांडणं चालतात, तिथे एका बागायतदाराचा मेसेज आला. "नमस्कार. यंदा फळ लहान आहे. मोठं पाहिजे असेल तर माझ्याकडे नाही. गाडीचा पास मिळाला की कळवतो." मग दोन दिवसांनी, "पास मिळाला नाही." मग, "मिळाला. उद्या रात्री निघतो. आंबा कच्चा आहे, चार दिवस गवतात ठेवा, लगेच कापू नका." मग घाटातून गाडीचा फोटो. सगळी सोसायटी त्या गाडीची वाट बघत होती. टाकीचं भांडण स्थगित झालं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी देवगडच्या पेटीत भलत्याच गावचा आंबा निघाल्याची कहाणी दर उन्हाळ्यात कुणीतरी सांगतंच. या माणसाच्या पेटीबद्दल मात्र कुणालाही शंका आली नाही, कारण पास मिळाला नाही हेही त्याने कळवलं होतं. हल्ली त्याचा मेसेज मार्चमध्ये येतो: "मोहोर बरा आहे." मेअखेर येतो: "संपले." या दोन ओळींच्या मधे आमचे पैसे जातात.

हे सगळं मी हार्डवेअरच्या काकांना सांगितलं. त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही. पण पॅकेज बंद झालं आणि काकांनी स्वतः स्टेटस ठेवायला सुरुवात केली. फोटो नाही, फुलं नाहीत, पांढऱ्या अक्षरांत मजकूर. "बोअरचा पाइप आला आहे. ज्यांनी विचारलं होतं त्यांनी न्यावा." "मोटरचा कपॅसिटर उद्या येईल. आज विचारू नये." "गुरुवारी दुकान बंद. नातीचं गॅदरिंग." मंडळी रोज बघू लागली. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी वायसर घ्यायला आलेल्या तिघांनी नातीची चौकशी केली. प्लंबर पोरं सकाळी आधी काकांचं स्टेटस बघून मग कामाचा क्रम लावतात.

मात्र काकांना या माध्यमातलं खरं सामर्थ्य सापडलं ते वेगळ्याच जागी. स्टेटस कुणी बघितलं त्याची यादी खाली दिसते, हे त्यांना पुतण्याने दाखवलं. त्या रात्री काकांनी उधारीची वही आणि ती यादी शेजारी शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी स्टेटस लागलं: "बघता रोज. देता कधी?" आठवडाभरात बरीच येणी आली. कुठल्याही बूस्टने एवढा परतावा दिला नसता.

फक्त एक कंत्राटदार, वहीतला सगळ्यात मोठा, यादीतून अचानक नाहीसा झाला. काकांनी त्या लॅपटॉपवाल्या मुलाला बोलावून घेतलं. मुलाने सांगितलं, की त्याने फोनमधली निळ्या खुणेची सोय बंद केली असणार. मग तो बघतो, पण त्याचं नाव आपल्याला दिसत नाही.

"म्हणजे बघतोय?"

"असेल, काका. खात्रीने नाही सांगता येणार."

काकांनी चष्मा काढून पुसला. "यावर काही पॅकेज आहे का तुझ्याकडे?"