मामाच्या तुकड्यावरचं पोर

“आक्का, ऐकलं का? टोकाच्या घरी बहीण आलीय, कायमची. नवरा गेला म्हणं. संगं चिमुरडं पोर. मामाच्या तुकड्यावर वाढून काय दिवे लावणार ते?”

“का गं? चौंडीला जाऊन जिच्या पाया पडून आलीस, जिचं नाव आता जिल्ह्याला दिलंय, त्या अहिल्याबाईचा सासरा कुणाच्या तुकड्यावर वाढला? मल्हारराव होळकर. १६९३ चा जन्म, नीरेकाठच्या होळचा. बाप गेला तेव्हा पोर तीनेक वर्षांचं. भाऊबंदकीला कंटाळून आईनं पोर उचललं, ते थेट खानदेशात, तळोद्याला. भोजराज बारगळ तिचा भाऊ.”

“एवढ्या लांब? अन् तिथं?”

“मेंढरं राखायला. आपल्याकडं वेचणी झाल्यावर कापसाच्या रानात मेंढवाडे बसतेत, तसल्यातलंच पोर. झोपलेल्या मल्हारीवर नागानं फणा धरला म्हणतेत. माझा नागावर भरवसा नाही बाई, मामावर आहे. मामा सरदार कदमबांड्यांकडं घोडी बाळगून होता, त्यानं भाच्याला घोड्यावर बसवलं. वर आपली लेक गौतमाबाई दिली.”

“आगं बया, आजोळ तेच अन् सासुरवाडीबी तीच!”

“पुढं बाजीराव पेशव्याकडं गेला, माळव्याचा सुभेदार झाला. इंदूरची गादी त्याचीच.”

“पण पानिपतातनं निघून आला म्हणं.”

“आला, १७६१ ला. कुणी म्हणतं पळाला, कुणी म्हणतं सेनापती सदाशिवरावभाऊनंच आपल्या बायकोला, पार्वतीबाईला, सांभाळून न्यायला सांगितलं. गनिमी काव्यानं लढू, हे म्हातारा आधीपासून सांगत होता, ते कुणी ऐकलं नाही. ते असू दे. मला त्याचं मोठेपण दुसरीकडंच दिसतं. १७५४ ला कुंभेरीला पोरगा खंडेराव पडला. अहिल्याबाई सती निघाली, ह्यानं अडवली. नुसती अडवली नाही, वसुलीचे कागद, फौजेची कामं तिच्या हाती दिली. आईचं विधवापण बघितलेला माणूस होता गं! १७६६ ला तो आलमपुरात गेला, वर्षभरात नातू मालेरावही गेला. मग तिनं अठ्ठावीस वर्षं कारभार बघितला.”

“व्हय गं, खरंय.”

“मग कुजबूज करण्यापरीस एक कर. पोराचा शाळेचा दाखला आणलाय का, विचार त्या बाईला. नसंल तर सांग, ह्यांना पाठवते मुख्याध्यापकांकडं.”